माय कसब्याखाली उतरली

पुण्याहून आल्यापासून शाळेत रोज कोणी ना कोणी विचारतं, शनिवारवाडा पाहिला का, सारसबाग पाहिली का. मी नाही म्हणते. मग पाहिलं तरी काय, असा पुढचा प्रश्न येतो. मी सांगते, एक स्थानक पाहिलं, जमिनीखालचं. त्यावर सगळ्या शिक्षिका हसतात आणि मीही थोडी हसते. पण ते स्थानक आठवलं की अजून माझे तळहात ओले होतात. आमच्या भागातून तिकडे फारसं कोणी गेलेलं नाही, म्हणून जे झालं ते नीट लिहून ठेवते.

निघण्याआधी

आमचं गाव तेलंगणात, वांकिडीच्या पलीकडे, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून आहे. आमच्या जिल्ह्याचे आता तुकडे झाले, तरी आम्ही अजून आदिलाबादवालेच म्हणवतो. मी गावाजवळच्या मराठी शाळेत शिकवते. पदवी घेणारी घरातली पहिली मीच. पण आम्हा भावंडांचं लहानपण बेल्लमपल्लीला, खाणकामगारांच्या क्वार्टरमध्ये गेलं. बाबा कोळशाच्या खाणीत होते, त्यांचे मोठे भाऊ, म्हणजे आमचे मोठेबाबाही तिथेच. मी शिकले ती बाबांच्या अंधारातल्या मेहनतीवर, हे मी कधी विसरत नाही.

खाणीवरच्या आमच्या घरात दोन गोष्टी पाळल्या जात. पहिली ही, की एका घरचे दोघं एका पाळीत खाली जात नसत. बाबा खाली असले की मोठेबाबा वर, आणि मोठेबाबा खाली की बाबा वर. दुसरी गोष्ट ताटाची. घरचा माणूस खाली गेला की त्याचं ताट चुलीजवळ उपडं ठेवायचं. तो वर येऊन, आंघोळ करून बसला की मगच ते सुलटं करायचं. तोवर त्या ताटाला कोणी हात लावत नसे.

मी तिसरीत असताना मोठेबाबांच्या पाळीत खाणीचं छत खाली बसलं. बाबा त्या वेळी वर होते. ते खाणीच्या तोंडाशी उभे राहिले आणि आमची माय, मोठी आई, क्वार्टरमधल्या सगळ्या बायाही उभ्या राहिल्या. बायांना खाली जाता येत नसे. खाण म्हणजे आत काय असतं ते आम्हाला कधीच माहीत नव्हतं. आम्हाला फक्त वर थांबणं माहीत होतं. मोठेबाबांचं ते ताट पुढे कोणी सुलटं केलं, केलं की नाही, मला ठाऊक नाही. ते पुन्हा घरात दिसलं नाही. बाबा पुष्कळ वर्षांनी छातीच्या दुखण्याने घरी खाटेवर गेले, आणि माय अजून म्हणते की ते नशीबवान होते.

माझा धाकटा भाऊ मिलिंद आयटीआय करून पुण्याला कामाला लागला. स्टेशनात काम आहे, एवढंच त्याने सांगितलं होतं. मायच्या डोळ्यापुढे बेल्लमपल्लीचं स्टेशन होतं. पिंपळाचं झाड, बाकडी, भज्यांची गाडी असलेलं. मग एके दिवशी व्हिडिओवर बोलताना तिला त्याच्या मागे खिडकीच दिसेना. इतली मोठी खोली न् खिडकी काऊन नाई, असं तिने विचारलं. मिलिंद हसत म्हणाला, "माय, मी बाबासारखा खालीच हावो. मेट्रो जमिनीतून जाते अठी."

मायने फोन माझ्या हातात दिला, आत गेली, आणि फळीवरचं मिलिंदचं ताट काढून उपडं ठेवलं. रात्री केव्हातरी ते सुलटं होईल असं मला वाटलं होतं. पण तो वर आला हे सांगणारं तिला कोणी नव्हतं, त्यामुळे ताट तसंच राहिलं. आठवडा गेला तरी तसंच. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मायचंही जेवण कमी झालं.

शेवटी तिने जाहीर केलं, की त्याला घेऊन येऊ, इथे विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी बांधायचं, दुरुस्तीचं दुकान टाकील. मिलिंदची ही पहिली पक्की नोकरी. मी फोनवर त्याला समजावू लागले तर तोच म्हणाला, "ताई, तिले घेऊन ये. पाहू दे जागा. पाह्यल्यावरबी नाई म्हणली तं मी बॅग भरतो." मी ते मायला सांगितलं. त्याने शब्द दिला होता, आणि आमच्या घरात मायला दिलेला शब्द कोणी फिरवत नाही. म्हणजे त्याची नोकरी राहील की जाईल हे आता मायने काय पाहिलं त्यावर होतं.

खरं सांगायचं तर मलाही तो परत यावा असं वाटत होतं. मी मुलांना विज्ञान शिकवते. भुयार कसं बांधतात याचं चित्र फळ्यावर काढू शकते. पण व्हिडिओत ती बिनखिडकीची भिंत दिसली तेव्हा त्या चित्राचा मला काही उपयोग झाला नाही.

कसबा

वांकिडीहून राजुऱ्याची बस, तिथून बल्लारशा, आणि बल्लारशाहून पुण्याची गाडी. प्रवासात सांगण्यासारखं एवढंच, की मायने पिशवीत ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची चटणी आणि मिलिंदचं ताट घेतलं होतं. गाडीत चटणी वाढताना ताट बाहेर आलं, तर तेही तिने मांडीवर उपडंच धरलं. समोरच्या बाईंना वाटलं की आम्ही ते विकायला चाललो आहोत.

मिलिंद जुन्या कसबा पेठेत एका खोलीत आणखी दोघांबरोबर राहतो. त्या दोघांनी दोन दिवस मित्राकडे मुक्काम हलवून खोली आम्हाला दिली, त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे. पेठ म्हणजे गल्लीतून गल्ली. आमच्याकडे घरासमोर बैलबंडी वळेल एवढं अंगण असतं. इथे समोरच्या घरातला माणूस खिडकीतून आपल्याला मीठ देऊ शकेल. आमटीत गूळ घालतात. मायने पहिला घास घेतला आणि हळूच मला विचारलं, की हे जेवण झाल्यावरचं गोड आहे का आधीचं.

खोलीजवळच तांबटांची वस्ती आहे. तांब्याचे हंडे-पातेली ठोकण्याचा आवाज सकाळपासून चालतो. ऐकायला गोड आहे, पण त्यात एक गोष्ट अशी की थांबला की लगेच कळतो. माय तो आवाज थांबला की मान वर करायची.

आणि त्या सगळ्या जुन्या घरांच्या, हंड्यांच्या, देवळांच्या मध्ये एकदम स्थानकाचं ते तोंड. काचेचं छप्पर, चकचकीत कठडा, आणि जमिनीत उतरत गेलेल्या पायऱ्या. पायऱ्यांशेजारी सरकता जिना. माणसं मोबाईल बघत बघत त्यात शिरत होती आणि दिसेनाशी होत होती. खालून गार वारा येत होता. माय कठड्याला धरून उभी राहिली.

मिलिंद म्हणाला की खाली तो पंखे आणि पंप सांभाळतो. हे त्याने मायला धीर यावा म्हणून सांगितलं. पण खाणीवर वाढलेल्या कोणालाही विचारा. हवेचा पंखा आणि पाण्याचा पंप, हे दोन बंद पडले की खालची माणसं जातात. मायने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

वर

ठरलं असं होतं, की मिलिंद सकाळच्या पाळीला जाताना आम्हाला बरोबर खाली नेईल आणि सगळं दाखवील. पण पायऱ्यांच्या तोंडाशी येताच माय थांबली.

"तू जाऊन राह्यला ना खाली? मंग आमी वर."

मिलिंदला आधी कळलंच नाही. मला कळलं. एका घरचे दोघं. मिलिंद लहान होता तेव्हा आम्ही क्वार्टर सोडलं, त्याला हे नियम गोष्टींसारखे माहीत होते, अंगात नव्हते. तो म्हणाला की माय, इथे अख्खी कुटुंबं एकत्र जातात, नवरा-बायको-लेकरं सगळे.

"त्यायले कोणी सांगतलं नसन," माय म्हणाली.

तो हसला आणि मग वैतागला. कामाला उशीर होत होता. दुपारी पाळी सुटली की मी वर येतो, मग मी बरोबर नसताना तुम्ही दोघी जा, नाही तर एकेक करून जा, तुमचा नियम तुम्हाला लखलाभ, असं म्हणून तो उतरून गेला. वळताना त्याने हात केला. माय त्याच्या डोक्याकडे बघत राहिली, डोकं दिसेनासं होईपर्यंत. मग तिथेच बाजूच्या पायरीवर बसली, पिशवीतून ताट काढलं, आणि शेजारी उपडं ठेवलं.

ऊन चढलं. रखवालदाराने दोनदा विचारलं की कोणाची वाट बघताय. समोरच्या तांबटांच्या घरातून एक वयस्क काकू हे सगळं पाहत होत्या. शेवटी त्या ओट्यावर येऊन म्हणाल्या, "अहो, उन्हात कशाला तपश्चर्या? ओटा रिकामा आहे, भाडं नाही घेत मी."

माय म्हणाली की पोरगा खाली गेला आहे, तो ज्या तोंडातून गेला तिथेच येईल. मग मी काकूंना थोडक्यात सांगितलं, आम्ही कुठले, बाबा काय करत. त्यांनी ताटाकडे पाहिलं. तेलंगणातल्या आणि इतकं मराठी कसं, एवढंच त्यांना नवल वाटलं.

"आमी तठीच होतो, बाई," माय म्हणाली. "रेघ मागून आली."

काकू मोठ्याने हसल्या आणि त्यानंतर त्या आमच्याच झाल्या. स्थानक खोदत होते तेव्हाचं त्या सांगू लागल्या. रात्री फडताळातली भांडी हलायची. वाटायचं, आपल्याच घराखाली कोणीतरी चालतंय. त्यांना ते गंमत म्हणून सांगायचं होतं. मायने पदर तोंडाशी नेला.

पाळी सुटायची वेळ झाली. निळ्या शर्टातली दोन-तीन पोरं वर आली. मिलिंद नव्हता. थोड्या वेळाने आणखी एक आला, तोही दुसराच. मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. माय माझ्या हाताकडे बघत होती.

मी स्वतःला सांगत होते की काम लांबलं असेल, फोन कुठेतरी ठेवला असेल. शाळेत मुलांना सांगते तसं अगदी शांतपणे. पण तेवढ्यात समोरचा ठोकण्याचा आवाज थांबला. जेवणाची सुट्टी असणार, दुसरं काय. तरीही मी उठून उभी राहिले. क्वार्टरमध्ये अवेळी खाणीचा भोंगा, अपघाताचा, वाजला की त्याच्या आधी-नंतर अशीच शांतता असायची, निदान मला तशी आठवते.

मायचे ओठ सुकले होते. काकूंच्या घरून पाणी आणते, असं सांगून मी समोर गेले. तांब्या भरेपर्यंतचा वेळ. परत आले तर पायरीवर पिशवी होती, पिशवीशेजारी उपडं ताट होतं, आणि माय नव्हती.

रखवालदार म्हणाला, "त्या आजी ना? खाली गेल्या. मी म्हटलं तिकीट घ्या, तर म्हणे पोरगं घ्यायला चालले."

खाली

मी तिथे किती वेळ उभी होते सांगता येत नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मिलिंद खाली. माय खाली. घरात उरलेली मी एकटी, आणि नियमाने मी वर थांबायला हवं होतं. एक तरी वर राहावं म्हणूनच तो नियम आहे. मोठेबाबांच्या वेळी बाबा वर राहिले म्हणून आम्ही शिकलो, जगलो. हे सगळं मला पटत होतं आणि पाय मात्र पायरीवर गेले होते. मी ताट उचलून काकूंच्या हातात दिलं. हे सुलटं करू नका, एवढंच म्हणाले.

सरकता जिना मला नको होता. मी साध्या पायऱ्यांनी उतरले, कठडा धरून. पायऱ्या संपल्या असं वाटलं की वळून पुन्हा पायऱ्या. वरचा उजेड मागे पडला आणि पांढरा, सावली नसलेला उजेड सुरू झाला. हवा थंड होत गेली. वास नवीन सिमेंटचा होता, पण मला कोळशाचाच आला. बाबांच्या शर्टाचा. आजूबाजूला माणसं हसत-बोलत जात होती, एक मुलगी कणीस खात होती. त्यांना काही वाटत नाही याचीच मला जास्त भीती वाटली.

तिकीट घेतलं. यंत्राची फाटकं मला कळेनात, मागच्या माणसाने हात धरून दाखवलं. अजून एक मजला खाली. आणि तिथे, फलाटाच्या एका टोकाला, माय दिसली. तिकिटाशिवाय तिला आत सोडणारी सुरक्षारक्षक बाई शेजारीच उभी होती. आजी ऐकेचनात, म्हणून मीच घेऊन आले, असं तिने मला नंतर सांगितलं. माय भिंतीला तळहात लावून उभी होती. वैद्य कपाळाला हात लावतो तसा.

मी जवळ गेले. तिने मागे न बघता मला ओळखलं.

"भित ओली नाई वं," ती म्हणाली. "तुह्या बाबानं सांगतलं होतं, आधी भित पाह्यजो." खाणीत भिंत ओली झाली की पलीकडून पाणी फुटणार असं समजायचं.

मिलिंद दिसला का, मी विचारलं. नाही. रक्षक बाई म्हणाली की पंखेवाल्या पोरांची पाळी कधीच सुटली, ती विचारून सांगते. ती गेली. आम्ही दोघी उभ्या राहिलो. फलाटाच्या टोकाला जिथे उजेड संपतो तिथे काळं भुयार होतं, आणि मायची नजर तिथून हलत नव्हती. मोठेबाबा अशाच काळ्यात राहिले होते. तिने ते आज पहिल्यांदा पाहिलं.

आणि मग वारा आला.

आधी थोडा, केस हलण्याइतका. मग जोरात, त्या काळ्या तोंडातून, आणि त्याच्या मागून घरघर. खाणीवरच्या घरांत लेकरांनाही माहीत असतं की आत छत बसलं तर दगडाच्या आधी वारा येतो. बाबा सांगायचे, वारा आला की विचार करायचा नाही, भिंत धरायची. मायने विचार केला नाही. माझा दंड धरला, मला भिंतीकडे ढकललं, खाली बसवलं, आणि माझ्या डोक्यावर आपलं अख्खं अंग घातलं. तिची बांगडी माझ्या कानाला लागली. मीही डोळे मिटले. पदवीधर, विज्ञानाची शिक्षिका, मी दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं आणि मरायची वाट पाहिली.

गाडी आली. दारं उघडली. घोषणा झाली. माणसं उतरली आणि आम्हाला वळसा घालून जाऊ लागली. कोणीतरी विचारलं, आजींना चक्कर आली का. एकाने पाण्याची बाटली पुढे केली. माय हळूहळू उठली. तिने गाडीकडे पाहिलं, आतल्या उजेडात बसलेल्या माणसांकडे, दारं बंद होताना. गाडी निघाली आणि वारा उलट्या दिशेला ओढला गेला.

"गाडीचा वारा होय," ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "मले वाटलं..." आणि पुढचं तिने ठेवून दिलं. तिचा हात माझ्या दंडावर तसाच होता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मिलिंद. त्याचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

"ताई, कुठं हा तुमी? माय कुठं हाय?"

वर पुन्हा

झालं होतं असं. पाळी सुटताना तो स्थानकाच्या दुसऱ्या टोकाला होता, म्हणून पलीकडच्या दारानेच बाहेर पडला. मायसाठी गरम वडे घेतले. फोन खालीच चार्जिंगला राहिला आहे हे लक्षात आल्यावर तो घ्यायला परत गेला, घेऊन पुन्हा पलीकडूनच निघाला आणि पेठेतून फिरून इकडे आला. खाणीला एक तोंड असतं. या स्थानकाला दोन आहेत हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगावं लागेल असं त्याच्या मनात आलं नव्हतं.

इकडे आला तर पायरीवर नुसती पिशवी. काकू म्हणाल्या, आधी आई गेली, मग बहीण, बराच वेळ झाला. आणि त्यांनी ते ताट त्याच्या हातात दिलं.

आम्ही वर आलो तेव्हा तो पायऱ्यांच्या तोंडाशी उभा होता. दोन्ही हातांनी ताट छातीशी धरलं होतं, उपडंच. वड्यांचा पुडा पायाशी पडला होता. रोज त्याच पायऱ्या चढणारा-उतरणारा माझा भाऊ, त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याचं हसू कुठे गेलं होतं कोण जाणे. त्याने आम्हाला पाहिलं.

माय त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"लई वेळ उभा होता का रे?"

"नाई, माय. थोडाच."

"हो," माय म्हणाली. "थोडाच असते तो, वर थांबणाऱ्याचा."

मग तिने त्याच्या हातातून ताट घेतलं, पदराने पुसलं, आणि सुलटं केलं. काकूंनी ओट्यावर बसवलं, चटणी आणून दिली, आणि त्या ताटात मिलिंदने गार झालेले वडे खाल्ले. खाताना त्याची मान वर होत नव्हती. काकूंनी मायला विचारलं, मग काय, नेताय का लेकाला? मिलिंदचा घास थांबला.

माय त्या काचेच्या छपराकडे बघत होती. "भित ओली नाई," ती शेवटी म्हणाली. "राहू दे त्याले." मग मिलिंदकडे वळून म्हणाली, "खाली जातानी फोन नको करू. वर आला का कर. रोज."

त्याने मान हलवली. या वेळी तो हसला नाही.

घरी

आता आम्ही गावात आहोत. माय जेवते. मिलिंदचं ताट पुन्हा फळीवर असायला हवं होतं, पण ते नाही. ते चुलीजवळ असतं. त्याच्या पाळीच्या वेळा तिला पाठ आहेत. पाळी सुरू झाली की ते उपडं होतं आणि फोन आला की सुलटं. तो फोनवर एवढंच बोलतो, "आलो वर." ती म्हणते, "बरं." त्या ताटात कोणी जेवत नाही. तरी सुलटं झाल्यावर ती त्यात भाकरीचा एक तुकडा ठेवते, आणि थोड्या वेळाने कोंबड्यांना घालते.

मी मुलांना भुयाराचं चित्र अजून काढून दाखवते. आता दोन तोंडं काढते. दुपारी वह्या तपासायला घरी आणते, चुलीसमोर बसते, आणि ते ताट उपडं असेपर्यंत माझ्याकडून एकही वही तपासली जात नाही. काल फोनला उशीर झाला. आम्ही दोघी ताटाकडे बघत बसलो होतो.

मग फोन वाजला.